भाऊ सोयऱ्याच्या उभ्या ट्रॉलीवर धडकला, पाय मोडला, आता दवाखान्याचं बिल मागायचं तर कोणाले?

आर्णीकडचा_कास्तकार

राम राम मंडळी. लिहिताना मागंपुढं होईल, समजून घ्या, दोन महिन्यापासून डोकं ठिकाणावर नाही.

२४ नोव्हेंबरले संध्याकाळी साडेसातच्या सुमारास माझा लहान भाऊ (वय ३२) कृषी केंद्रातून सुटून गाडीवर गावाकडे येऊन राहिला होता. वळणाच्या पुढं डांबरी रस्त्यावरच कापसाची ट्रॉली उभी, चाक पंक्चर झालेलं, ट्रॅक्टरवाला पंक्चरवाल्याले आणायले गेलेला. ट्रॉलीले मागून लाइट नाही, रेडियम होतं पण त्यावर चिखलाचा थर, कापूस फळ्यांच्या बाहेर फुगलेला आणि वरून काळी ताडपत्री. आपल्याकडे गाडी बंद पडली तर निदान मागं चार दगड मांडतात, पळसाची फांदी तोडून टाकतात, तेही कोणी केलं नाही. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यावर आला आणि भाऊ सरळ ट्रॉलीच्या कोपऱ्यावर गेला. उजव्या पायाच्या नळीची दोन्ही हाडं मोडली, हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, मी पोचलो तेव्हा कोणीतरी त्याचा दुपट्टा पायाले गुंडाळून ठेवला होता आणि तो मले म्हणे दादा चप्पल कुठं गेली पाह्य माही.

यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं, रॉड टाकला, नऊ दिवस ठेवलं. दवाखान्याचं १,४८,००० आणि मेडिकलचं ३७,०००, गाडीभाडं जेवणखाण वेगळं. केशरी रेशनकार्ड होतं पण काउंटरवर सांगितलं आमच्याकडे रेशनकार्डावरची मोफत उपचाराची योजना चालत नाही. तेव्हा कोण वाद घालते, माणूस आत पडलेला. सोयाबीन जसं होतं तसं विकून टाकलं, वहिनीची पोत गहाण ठेवली, बाकी हातउसने.

आता खरी अडचण. ट्रॅक्टर माझ्या बहिणीच्या चुलत सासऱ्याचा हाय, चालवत त्यांचा पोरगा होता. पहिल्या दिवशी ते स्वतः दवाखान्यात आले, ३०,००० दिले, बिलाची काळजी करू नका म्हणाले, मग १०,००० दिले आणि त्यानंतर फोन उचलणं बंद. आता निरोप पाठवला की अजून ५०,००० देतो, ५०० च्या बाँडवर लिहून द्या की आमची काही तक्रार नाही आणि पुढं कधी काही मागणार नाही. बहीण फोनवर रडते, म्हणते दादा केस नको करू, माझं इथं राहणं कठीण होईल. पोलीस केस अजून झाली नाही, दवाखान्यातून ठाण्यात कळवलं होतं, एक जमादार साहेब येऊन गेले पण आम्हीच म्हटलं आपसात पाहू. भावाजवळ लायसन्स हाय, हेल्मेट नव्हतं. डॉक्टर म्हणतात वर्ष दीड वर्षानं रॉड काढायले अजून एक ऑपरेशन लागू शकते. कृषी केंद्रात ११,००० महिना मिळे तो बंद, वहिनी त्याच्यापाशी बसून आणि इकडे पराटी वेचायची राहून गेली.

५०,००० घेऊन सही करू का? ज्याले अनुभव असन त्यानं सांगा.

माजी_पोलीस_पाटील

भाऊ, सही करू नका. मी पोलीस पाटील होतो, नंतर गावच्या तंटामुक्ती समितीतही बसलो, असे कागद माझ्यासमोर झालेत आणि दोनचार मीच करायला लावलेत, सोयरीक तुटू नये एवढाच हेतू असायचा. त्यातला एक आजही मला खातो. ६०,००० वर मिटवलं होतं, सगळ्यांनी चहा घेतला, एकमेकांच्या पाया पडले, आणि आठ महिन्यांनी त्या माणसाच्या पायात पस झाला, रॉड काढून पुन्हा सगळं करावं लागलं. तो माझ्या दारात कागद घेऊन आला, काका यात काही करता येते का म्हणाला. समोरच्यानं बाँड दाखवून हात वर केले होते. तेव्हापासून हाड जुळलं असं डॉक्टर लिहून देत नाही तोवर मी कोणालाही आकडा ठरवू देत नाही. तुमच्या भावाला तर दोनच महिने झालेत.

आणि मिळालेले ४०,००० लपवू नका, कोणत्या तारखेला किती दिले ते लिहून ठेवा. त्यांनी दिले हे खरं आहे आणि खरं तुमच्याच कामी येईल.

वकिलाचा_मुन्शी

जिल्हा कोर्टात वकील साहेबांकडे १४ वर्षं कामाला आहे, मोटार अपघाताचे दावे रोज हाताखालून जातात म्हणून लिहितोय, पण शेवटी वकील स्वतः बघा.

तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटली की तुम्ही धरून चाललात की पैसे बहिणीच्या चुलत सासऱ्यांच्या खिशातून निघणार. तसं नसतं हो. ट्रॅक्टरचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून द्यायचा विमा, चालू असेल तर पैसे विमा कंपनी देते, त्याच्यासाठीच तर तो हप्ता दर वर्षी भरतात. दाव्यात मालकाचं नाव टाकावंच लागतं, नोटीस त्यांच्या घरी जाते आणि घरात खळबळ त्या नोटीसनंच होते, पण खरी लढाई कंपनीशी असते. नोटीस जायच्या आधी कोणीतरी शहाण्या माणसानं जाऊन त्यांना हे समजावून सांगा, अर्धं भांडण तिथंच संपतं. आज पहिलं काम, मोबाईलवर एम-परिवहन ॲपमध्ये ट्रॅक्टरचा नंबर टाका, अपघाताच्या तारखेला विमा चालू होता का ते दिसेल. ट्रॉलीचा नंबर वेगळा असतो, तोही लिहून घ्या आणि पॉलिसीत ट्रॉली धरली आहे का ते बघा.

दुसरं म्हणजे ठाण्यात जा आणि एफआयआर करा. दोन महिने झाले म्हणून परत पाठवतील असं डोक्यात ठेवू नका, दवाखान्यानं कळवलं होतं म्हणजे एमएलसी नंबर (दवाखान्यानं पोलिसांना कळवलेल्या केसची नोंद) आहे, तारीख त्याच दिवशीची आहे, तोच तुमचा आधार. उशीर का झाला ते जसं झालं तसं सांगा की जखमी आत होता, समोरचे सोयरे होते, आपसात मिटेल वाटलं. अपघाताच्या दाव्यात एफआयआर उशिरा आहे एवढ्यावरून दावा फेकू नये असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सांगून ठेवलंय. ठाण्यात घेतलंच नाही तर एसपी साहेबांना लेखी अर्ज पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपा. कलमं पोलीस लावतील, साधारण भारतीय न्याय संहितेचं १२५ आणि रस्त्यावर अडथळा केल्याचं २८५ लागतं.

आता मुदत. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. म्हणजे तुम्हाला २४ मे च्या आधी दावा दाखल झालेला पाहिजे, मी तर म्हणेन मार्चमध्येच करा, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर नको. समोरचे आज देतो उद्या देतो करून हेच महिने खातात, कधी मुद्दाम खातात कधी खरंच पैसे नसतात, पण दिवस तुमचे जातात. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येतो, अपघात कुठं झाला त्यावर अडत नाही.

अवघड मुद्दा पण सांगतो कारण कंपनीचा वकील पहिला हाच काढेल. मागून येऊन धडकला म्हणजे चूक गाडीवाल्याची, असं ते म्हणणारच. उभ्या वाहनामुळं झालेला अपघातही वाहनाच्या वापरातला अपघातच धरला जातो, ते जुनं ठरलेलं आहे, आणि रस्त्यात धोका होईल अशी गाडी उभी ठेवायची नाही हे मोटार वाहन कायद्याच्या १२२ कलमात आहे. पण ट्रॉलीला लाइट नव्हता, रेडियम झाकलेलं होतं, ती किती डांबरावर होती, हे सिद्ध तुम्हाला करावं लागेल. त्या रात्री कोणी ना कोणी मोबाईलवर फोटो काढलेलाच असतो, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला पण असेल, शोधा आणि ज्यानं काढला त्याच्या मोबाईलमधला मूळ फोटो डिलीट करू देऊ नका. ज्यानं दुपट्टा बांधला तो माणूस साक्षीला येतो का विचारा. थोडी चूक भावाची पण होती असं कोर्टाला वाटलं तर रकमेतून काही टक्के कापले जातात, दावा पूर्ण जात नाही. हेल्मेटचं म्हणाल तर जखम पायाला आहे, त्यावरून फार काही बिघडत नाही.

नेरची_ताई

दादा मी हे सगळं भोगलंय म्हणून लिहिते. माझ्या मिस्टरांना पिकअपनं उडवलं होतं, मांडीचं हाड गेलं. निकाल लागायला तीन वर्षं वर लागले, लवकर होईल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण मिळाले आणि व्याजासकट मिळाले, व्याज दावा टाकला त्या तारखेपासून धरलं होतं.

मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. सगळ्या पावत्या मी एका कॅरीबॅगमध्ये कोंबून देवघराच्या वर ठेवल्या होत्या, सांभाळून ठेवल्यात म्हणून बिनधास्त. वर्षानं वकील साहेबांनी मागितल्या म्हणून काढल्या तर मेडिकलच्या निम्म्या पावत्या कोऱ्या. तो चकचकीत पातळ कागद असतो ना मशीनमधून निघणारा, त्यावरची शाई उडून जाते, मी खिडकीशी नेऊन तिरपं धरून बघत होते तारीख तरी दिसते का. साधारण ११,००० ची औषधं अशी गेली. मेडिकलवाला म्हणाला आता जुनं कॉम्प्युटरमध्ये नाही. तर आजच सगळ्यांची झेरॉक्स मारा आणि झेरॉक्सवर पेननं तारीख रक्कम लिहा, ओरिजिनल वेगळं ठेवा. डॉक्टरची चिठ्ठी आणि तिचं बिल एकमेकाला टाचून ठेवा कारण कोर्टात विचारतात हे औषध कोणी लिहून दिलं. दवाखान्यानं साध्या चिठ्ठीवर जमा असं लिहून दिलं असेल तर जाऊन पक्की पावती मागा, शिक्क्याची, नंबर असलेली. आम्हाला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा मी तिथंच बाकावर बसून राहिले तेव्हा दिली.

डिस्चार्ज कार्ड, सगळे एक्सरे (घडी करू नका चिरा पडतात), ॲम्ब्युलन्सची पावती, तपासणीला जाता येता केलेल्या गाडीच्या मालकाकडून सही घेऊन पावती, हे सगळं. वहिनी त्यांच्यापाशी बसून आहेत, त्यांची मजुरी बुडाली, तेही मागता येतं, आम्ही मागितलं होतं. कृषी केंद्राच्या मालकाकडून लिहून घ्या की हा माझ्याकडे कधीपासून कामाला होता, पगार किती आणि कधीपासून येत नाही, आणि पगार रोखीनं असेल तर त्यांचं रजिस्टर किंवा वही असते तिचे फोटो आत्ताच घ्या, नंतर कोणी ओळख देत नाही.

बहिणीचं वाचून जीव कसातरी झाला. तिला एकटीला हे सांगायला लावू नका, तुम्ही स्वतः तिच्या घरी जा आणि जावईबापूंसमोरच बोला, म्हणजे नंतर तिच्या तोंडी कोणी काही घालणार नाही.

बाभुळगाव_८८

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. कोर्टात वर्षानुवर्षं जातात, तारखेला गेलं की मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागते आणि सोयरीक जाते ती जातेच. ५० च्या जागी १ लाख मागा आणि मोकळे व्हा. माझ्या मामानं असंच केलं, आज दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नात जातात.

वकिलाचा_मुन्शी

बाभुळगावचे भाऊ, तुमचं चुकीचं नाही, तडजोड वाईट नसते. पण आकडा कशावरून ठरवला ते बघा. एक साधा हिशोब मांडतो. वय ३२ ला कोर्ट १६ चा गुणक धरतं, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला १६ नं गुणतं, हा तक्ता सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये ठरवून दिला तेव्हापासून सगळीकडे तोच चालतो. पगार ११,००० म्हणजे वर्षाचे १,३२,०००. पाय नीट जुळला तर कायमचं अपंगत्व शून्यही निघू शकतं आणि निघावंच अशी इच्छा, पण समजा चालण्यात फरक राहिला आणि त्याच्या कामावर २० टक्के परिणाम धरला, तर वर्षाला २६,४०० गुणिले १६, झाले ४,२२,४००. हे फक्त कमाईचं. त्याच्यावर झालेलं बिल, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, बुडालेला पगार, सोसलेला त्रास, हे वेगवेगळं. सर्टिफिकेटवर लिहिलेले टक्के आणि त्या माणसाच्या कामावर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी धरतात, खतांच्या बॅगा उचलणाऱ्याचा पाय आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्याचा पाय सारखा नाही. म्हणून तो दुकानात नेमकं काय काम करायचा ते मालकाकडून स्पष्ट लिहून घ्या.

तडजोड करायची तर दावा टाकून लोक अदालतीत कंपनीबरोबर करा. तिथं झालेला निकाल पक्का असतो, त्यावर अपील नाही, पैसे बँकेत येतात. घरच्या बाँडवर नको.

अजून एक, कोणाची चूक ते सिद्ध न करता गंभीर दुखापतीला २,५०,००० मागायची सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये आहे. पण ते घेतलं की मोठा दावा संपतो. कोणी घाईनं त्यावर सही घ्यायला आला तर आधी अपंगत्वाचं चित्र स्पष्ट होऊ द्या. आणि दवाखान्याच्या बाहेर येऊन भेटणारे, केस आम्ही लढतो निम्मे तुमचे निम्मे आमचे म्हणणारे, त्यांच्यापासून लांब राहा. निकालातल्या टक्क्यांवर फी ठरवायची वकिलांना परवानगीच नाही. पैसे नसतील तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, उत्पन्न ३ लाखाच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन लावून पण विचारता येतं.

आर्णीकडचा_कास्तकार

सगळ्यांचे लय आभार. ताई तुमचं वाचून लगेच पावत्या काढल्या, तीन पावत्या आताच फिक्या झाल्या हायत, काल बसस्टँडवर जाऊन सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स काढल्या. फोटो पण सापडला, पंक्चरवाल्याच्या पोरानं काढला होता, ट्रॉलीचं मागचं चाक पूर्ण डांबरावर दिसते आणि मागं काहीच नाही.

ॲपवर पाहिलं, ट्रॅक्टरचा विमा मार्चपर्यंत चालू हाय. मग बहिणीच्या चुलत सासऱ्याले विचारलं की विमा हाय तर भिता काऊन, तेव्हा खरं निघालं. त्यांच्या पोराजवळ फक्त चारचाकीचं लायसन्स हाय, ट्रॅक्टरचं वेगळं नाही, आणि कोण्या एजंटनं त्यांच्या डोक्यात भरवलं की कंपनी एक रुपया देणार नाही, वरून पूर्ण रक्कम तुमच्या वावरावर बोजा चढवून वसूल होईल. म्हणून ते बाँडच्या मागं लागले होते. आता त्यांच्या घरून एक सुचवणी आली की रिपोर्टमध्ये पोराच्या जागी गावातल्या दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव सांगू, तो तयार हाय, म्हणजे सगळ्यांचंच काम होईल. मले हे बरोबर वाटून नाही राहिलं पण बहिणीचा विचार आला की पाय लटपटतात. काय करू.

माजी_पोलीस_पाटील

नाव बदलू नका. हात जोडून सांगतो. पंक्चरवाला त्या पोराला ओळखतो, त्या रात्री तिथं पंधरा माणसं होती, आणि कंपनी स्वतःचा माणूस गावात पाठवून चहाच्या टपरीवर बसवून चौकशी करते, हे मी डोळ्यानं पाहिलंय. एकदा खोटं निघालं की खरा अपघातही खोटा ठरतो आणि तुमचा भाऊ, ज्याचा पाय खरंच मोडला, तो आरोपीच्या रांगेत उभा राहतो.

वकिलाचा_मुन्शी

पाटील साहेब बोलले ते शंभर टक्के. आणि खरं सांगू का, खोटं बोलायची गरजच नाही, त्या एजंटनं त्यांना फुकट घाबरवून सोडलंय.

कायद्यात हलकं मोटार वाहन म्हणजे काय त्याची जी व्याख्या आहे तिच्यात ट्रॅक्टर नाव घेऊन लिहिलेला आहे, रिकामं वजन ७,५०० किलोच्या आत असलेला. शेतातला कोणताही ट्रॅक्टर त्याच्या कितीतरी आत बसतो. म्हणजे चारचाकीचं, एलएमव्ही लिहिलेलं लायसन्स चालतं. ट्रॉली जोडली म्हणून तो ट्रॅक्टर चालवायला अपात्र होत नाही असं सुप्रीम कोर्टानं २००१ मध्येच सांगितलंय, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या बेंचनं एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहनही चालवता येतं हे पक्कं केलं. फक्त लायसन्स त्या तारखेला चालू होतं का तेवढं बघा, मागं तारीख असते. त्याचं फक्त मोटारसायकलचं असतं तर गोष्ट वेगळी होती, मग बहुतेक वेळा कोर्ट कंपनीला आधी जखमीचे पैसे भरायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं, ती भीती खरी असते.

एक प्रश्न त्यांना विचारून घ्या, ट्रॉलीत कापूस कोणाचा होता. स्वतःच्या वावरातला जिनिंगला नेत असतील तर शेतीचंच काम झालं. दुसऱ्याचा भाड्यानं नेत असतील तर शेतीकामाच्या पॉलिसीवर कंपनी वाद घालेल. जे असेल ते खरं सांगा, आम्हाला आधी माहीत असलेलं बरं असतं.

आरोग्यमित्र_वर्धा

उशिरा वाचलं. मी योजनेच्या काउंटरवर काम केलंय. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत, पण ती योजनेच्या यादीतल्या दवाखान्यातच चालते आणि माणूस भरती असतानाच मंजुरी घ्यावी लागते. डिस्चार्ज झाल्यावर भरलेलं बिल परत मिळत नाही, हे ऐकायला वाईट वाटतं पण लोक वर्षभर अर्ज घेऊन फिरतात म्हणून स्पष्ट सांगतो, त्यात दिवस घालवू नका. झालेला खर्च दाव्यातूनच मागा.

पुढच्या ऑपरेशनला मात्र खासगीत जाऊ नका. आधी १५५३८८ वर फोन करून विचारा की या ऑपरेशनला योजना लागू होते का आणि जवळचा कोणता दवाखाना यादीत आहे, सेवाग्राम किंवा नागपूर मेडिकलला हाडांची मोठी कामं रोजची आहेत. योजनेत बसलं नाही तरी ट्रस्टच्या दवाखान्यात १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, वर्षाचं उत्पन्न १,८०,००० च्या आत असेल तर मोफत, ३,६०,००० पर्यंत सवलत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी सर्व्हर बंद असतो.

आणि हे तुमच्यासाठी उशिराचं आहे पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ता अपघातातल्या कोणाही जखमीला अपघातापासून ७ दिवस १,५०,००० पर्यंतचे उपचार नेमलेल्या दवाखान्यात. रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही. रस्त्यावरून ११२ ला फोन करा आणि नेमलेला दवाखाना कोणता ते विचारूनच गाडी वळवा. पोलिसांकडून अपघाताची खात्री लागते, त्यामुळं आपसात पाहू म्हणून पोलिसांना परत पाठवलं की हीही वाट बंद होते. तुम्हाला कोणी सांगितलं नाही यात तुमचा दोष नाही.

आर्णीकडचा_कास्तकार

कळवायचं राहून गेलं होतं. रविवारी मुन्शी भाऊ आणि ताईंनी सांगितल्यासारखं मी आणि गावचे दोन मोठे माणसं बहिणीच्या घरी गेलो, जावईबापू पण होते. मोबाईलवरून मुन्शी भाऊंचं लायसन्सवालं सगळं वाचून दाखवलं. चुलत सासरे बराच वेळ काही बोलले नाही, मग आत गेले आणि पोराचं लायसन्स घेऊन आले, मीच उजेडात धरून पाहिलं, एलएमव्ही लिहिलेलं हाय आणि २०३४ पर्यंत चालू हाय. कापूस त्यांचा स्वतःचाच होता, जिनिंगची पट्टी हाय त्यांच्याजवळ. पॉलिसीची झेरॉक्स त्यांनीच काढून दिली. बाँडचा विषय कोणी काढला नाही. बहिणीनं चहा आणला तेव्हा ती माझ्याकडे पाहत नव्हती पण जाताना फाटकापर्यंत आली.

सोमवारी ठाण्यात रिपोर्ट दिला, नाव खरंच सांगितलं, पोरगा स्वतः सोबत आला होता. विधी सेवा समितीत अर्ज केला हाय, उत्पन्नाचा दाखला पुढच्या आठवड्यात मिळन म्हणतात. १२ तारखेले भावाचा एक्सरे हाय. एक विचारायचं, तपासणीले नेताना त्याले सीटवर पाय लांब करून झोपवावं लागते म्हणून पूर्ण गाडी करतो, एसटीनं नाही नेता येत, तर त्या भाड्याची पावती साध्या कागदावर चालन का छापील पायजे?

नेरची_ताई

साध्या कागदावर चालते दादा, आमची चालली. गाडीचा नंबर, तारीख, कुठून कुठं, रक्कम आणि ड्रायव्हरची सही नावासकट घ्या, मोबाईल नंबर पण लिहायला लावा. आणि त्याच दिवशीची दवाखान्याची केसपेपरची पावती त्याला टाचून ठेवा म्हणजे तारीख जुळते.